बारा घरं आणि चार तोंडांचा दगड

दगडाला कुणी जुना म्हणत नाही, मित्रांनो. घर जुनं होतं, होडी जुनी होते, माणूस तर बघता बघता जुना होतो. दगड मात्र नुसता दगड. पण मला तुम्ही जुना म्हणाच. माझ्या अंगावर जेवढी नावं कोरली, खरवडली आणि पुन्हा कोरली, तेवढी एखाद्या माणसाच्या अंगावर कोरली असती तर तो कधीच सुटला असता. मी सुटलो नाही. दगडाला ती सोय नाही.

मी तेंकपाडी गावच्या शिवेवर उभा आहे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. इथे सगळीकडे तांबडा जांभा. मी काळा. घाटाच्या पायथ्याच्या खाणीतून मला बैलांनी ओढत आणलं आणि अंगर नावाच्या पाथरवटाने माझ्या चारी बाजू घासून सारख्या केल्या. अंगर म्हणजे मंगळवारी जन्मलेला. इकडे गरिबाच्या पोराला बहुधा वाराचंच नाव मिळतं. मला वाटतं तेच बरं. राजा बदलला म्हणून मंगळवारचा बुधवार होत नाही.

घाटावरच्या राजाचा कारभारी तेव्हा माझ्यापुढे उभा होता. अंगरने त्याला विचारलं, "धनी, अक्षर किती खोल घेऊ?"

कारभारी म्हणाला, "चंद्र-सूर्य आहेत तोवर टिकेल एवढं."

अंगरने मान डोलावली. "म्हणजे बोटभर," म्हणाला आणि छिन्नी उचलली.

माझ्या पूर्वेच्या तोंडावर चंद्र आला, सूर्य आला, खाली 'तुळुनाड' आलं आणि त्याच्याही खाली एक शाप आला: हा दगड जो हलवील त्याच्या घरात दिवा लावायला कुणी उरणार नाही. मला तेव्हा फार अभिमान वाटला. तरुण होतो. शाप अंगावर असला की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं.

पुढे ते राजे गेले, नायक आले. मग एक सुलतान आला. त्याच्या माणसाने माझ्या उत्तरेच्या तोंडावर मुलखाचं नवंकोरं नाव घालायला घेतलं. चार अक्षरं झाली आणि बातमी आली की सुलतान पडला. पाथरवट छिन्नी ठेवून जेवायला गेला तो परत आलाच नाही. ती चार अक्षरं अजून आहेत. त्यांचा अर्थ कुणालाच लागत नाही. एका विद्वानाने त्यावर दोन तास भाषण केलं, तेही मी ऐकलं आहे.

मग टोपीवाले. समुद्रावरून आलेले परके या किनाऱ्याला 'कॅनरा' म्हणत, तेच नाव कंपनीने उचललं. इथला कोळी, इथला ताडी काढणारा, इथली भात लावणारी बाई, यांतल्या एकानेही स्वतःला जन्मात कधी कॅनराचा म्हटलं नव्हतं. पण त्यांना विचारतो कोण! पश्चिमेच्या तोंडावर 'कॅनरा' आलं. पुढे त्या कॅनराचेही दोन तुकडे केले. वरचा मुंबईला जोडला, म्हणजे तुमच्याकडे, खालचा मद्रासकडे ठेवला. मग एक शिपाई रंगाचा डबा घेऊन आला आणि 'कॅनरा'च्या डोक्यावर 'दक्षिण' रंगवून गेला. कोरायचा हुकूम नव्हता म्हणे. दोन पावसाळ्यांत 'दक्षिण' धुऊन गेलं.

याच कंपनीच्या एका मोजणीदाराने आपल्या दप्तरात एक ओळ लिहून ठेवली होती. "तालुक्याची हद्द: चार तोंडांच्या दगडापासून सरळ पश्चिमेला समुद्रापर्यंत, सरळ पूर्वेला ओढ्यापर्यंत." बस, एवढंच. दगड कुठे आहे ते त्याने लिहिलं नाही. दगड काय पळून जाणार आहे?

गावाला मात्र या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. गावाच्या लेखी मी राजाचाही नव्हतो नि कंपनीचाही नव्हतो. मी राखणदाराचा होतो. इकडे प्रत्येक गावाला एक राखणदार दैव असतं आणि वर्षातून एकदा त्याचा उत्सव होतो, त्याला नेम म्हणतात. राखणदार अंगात यायचा मान आमच्याकडे तनियाच्या घराण्याचा. नेमाच्या दिवशी सकाळी ऊन वर आलं की कमरेला कोवळ्या झावळ्यांचा घोळ, पायांत घागऱ्या आणि हातात तलवार अशा थाटात तो माझ्यापाशी येतो, तलवारीचं टोक माझ्या माथ्याला लावतो आणि गावातल्या एकेका घराला हाक मारतो.

"गुत्तूच्या घरा, आहेस का?"

गुत्तू म्हणजे गावच्या धन्याचं मोठं घर. त्या घरचा कर्ता पुढे होऊन म्हणतो, "आहे, देवा."

"मी आहे तोवर तू आहेस," असं म्हणून राखणदार त्याच्या हातात पोफळीच्या फुलोऱ्याचा तुरा देतो. असं करत करत सगळी घरं. सगळ्यांत शेवटी वाळूवरची मोगवीर कोळ्यांची बारा घरं. तो तुरा ते होडीच्या नाळेला बांधतात. ज्या घराला हाक नाही त्याला तुरा नाही, आणि तुरा नसलेल्या होडीत मोगवीर पाय ठेवत नाही. बायकोने मागून ढकललं तरी ठेवत नाही. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे काय गेलं ते तुम्हाला कळेल.

तेव्हा मी आज आहे तिथे नव्हतो. वाळूवरच्या त्या बारा घरांच्याही पलीकडे, दक्षिणेला होतो. म्हणजे घरं माझ्या अलीकडे, गावाच्या बाजूला. पण आमचा समुद्र खादाड. दरवर्षी थोडी थोडी वाळू खात तो एका साली माझ्या पायाशी आला. मी कलंडलो. लाट माझ्या सूर्यावरून जायला लागली. गाव घाबरलं. राखणदाराचा दगड पाण्यात गेला तर तलवार लावायची कशाला?

गुत्तूचा कर्ता तेव्हा कांतप्पा रै होता. करडा माणूस, पण गावासाठी रात्र-रात्र जागणारा. त्याने ठरवलं, दगड उचलायचा आणि वर, घरांच्या उत्तरेला, उंचवट्यावर नेऊन उभा करायचा. वीस माणसं घेतली. भर दुपारी ओहोटी होती. त्यांनी मला काथ्याच्या दोरांत बांधलं, बांबू घातले, खांद्यावर घेतलं. पुढे दिवा धरायला कुमारिका लागते, म्हणून वाळूवरच्या शेवटच्या घरातली दुग्गी आली, आठ वर्षांची. वाऱ्यात दिवा विझू नये म्हणून ती उलटी चालत होती, तोंड माझ्याकडे करून. कांतप्पाचा भाचा मोनप्पा पुढच्या बांबूला होता, बावीस वर्षांचा. वाटेत त्याचा पाय वाळूत रुतला, बांबू सरकला आणि माझ्या कंगोऱ्याने त्याचा उजवा खांदा चिरला. पण गड्याने मला खाली पडू दिलं नाही. दुग्गीच्या आईने मग त्या जखमेवर खोबरेल आणि हळद भरली.

मला नव्या जागी रोवलं आणि सगळ्यांना पूर्वेच्या तोंडावरचा शाप आठवला. दगड हलवला होता, मित्रांनो. आणि शेजारच्या गावांना कळलं असतं तर त्यांनी म्हटलं असतं, तेंकपाडीची शीव तेंकपाडीनेच मागे घेतली. मग कांतप्पाने ते केलं. इतकी भाबडी, इतकी घातकी गोष्ट फक्त याच गावाला सुचू शकते. त्याने वीसही जणांना माझ्यावर हात ठेवायला लावला आणि शपथ घेतली: "हा दगड इथेच होता, इथेच आहे."

म्हणजे बघा! दगड हलला नाही याची शपथ, आणि ती हलवलेल्या दगडावर हात ठेवून. राखणदारालाही फसवलं आणि शापालाही फसवलं असं वाटून सगळे गार वाऱ्याला बसले. दुग्गीनेही आपला चिमुकला हात माझ्यावर ठेवला होता. कांतप्पाने तो उचलून बाजूला केला. "पोरांची शपथ धरत नाहीत गं. जा, घरी जा."

बत्तीस वर्षं काही बिघडलं नाही. घरं आता माझ्या पलीकडे होती, पण हाक मारायची ती मारलीच जायची. राखणदार माझ्यापाशी उभा राहून दक्षिणेकडे तोंड करी आणि बाराही घरांना बोलावी. तालुक्याची हद्द कुठून जाते याची कुणाला पडली होती? इकडचा तालुका काय, तिकडचा तालुका काय, दोन्ही मद्रासकडेच.

मग छप्पन साल आलं आणि भाषेप्रमाणे राज्यं करायची ठरली. आमच्या मुलखात घरात तुळू, शाळेत कानडी, बाजारात मल्याळम, मशिदीच्या गल्लीत आणखी निराळीच बोली. आमची भाषा कुठली म्हणून त्यांनी विचारलं असतं तर गावाने विचारलं असतं, कुणाशी बोलताना? पण वर कुठेतरी ठरलं: उत्तरेचा तालुका एका राज्यात, दक्षिणेचा दुसऱ्या राज्यात. आणि मध्ये हद्द कुठली? ती दप्तरातली ओळ. चार तोंडांच्या दगडापासून सरळ पश्चिमेला समुद्रापर्यंत.

नवा मोजणीदार साखळी, झेंडे आणि दोन शिपाई घेऊन आला. तो वाईट माणूस नव्हता, उगाच कशाला बोला. त्याने माझ्या सावलीत डबा खाल्ला आणि गाव जमवून विचारलं, "हाच ना तो दगड? कुणाची काही हरकत?"

गर्दीतून दुग्गी पुढे आली; मोठी झाल्यावर तिला सगळे दुग्गक्का म्हणत. आता ती चाळिशीची होती. नवरा तापाने गेलेला, दोन मुलगे, एक होडी, आणि आईकडून तिच्याकडे आलेलं वाळूवरचं शेवटचं घर. इथे घर बाईकडून बाईकडे जातं. डोक्यावरची माशांची पाटी तिने माझ्या पायाशी ठेवली.

"माझी हरकत," ती म्हणाली. "हा दगड इथला नव्हे. हा आमच्या घरांच्या खाली होता, त्या तिकडे, जिथे आता पाणी आहे."

मोजणीदार हसला. "बाई, दगड काय चालत आला?"

"चालत कशाला येईल? वीस जणांच्या खांद्यावरून आला. पुढे दिवा घेऊन मी होते."

"तेव्हा तुमचं वय?"

"आठ."

"आठ वर्षांच्या पोरीच्या आठवणीवर मी राज्याची हद्द हलवू होय?"

"माझ्यावर नका हलवू. त्या विसांतले चौघं जिवंत आहेत. हे समोर उभे आहेत. विचारा त्यांना." तिने एकेकाकडे बोट केलं. तिघं म्हातारे जमिनीकडे बघायला लागले, जणू काही हरवलंय आणि तिथेच सापडणार आहे. उरला मोनप्पा रै. कांतप्पा मामा जाऊन दहा वर्षं झाली होती, गुत्तूचा कर्ता आता तोच.

"धनी," दुग्गक्का म्हणाली, "तुम्ही पुढच्या बांबूला होता. तुमचा उजवा खांदा फाटला होता. माझ्या आईने हळद भरली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, सदरा उतरवा नि दाखवा ना साहेबांना!"

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. मोनप्पाचा हात आपसूक खांद्याकडे गेला होता, तो त्याने खाली घेतला.

मोजणीदाराने कागद बाजूला ठेवला. तो खरंच थांबला होता, मित्रांनो. "रैसाहेब, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात की दगड हलवलाय, तर मी आजच वर लिहितो. रेघ खाली जाईल, ही बारा घरं तुमच्या गावात राहतील. नाहीतर ती त्या राज्यात जातील. माझं काय, मी दोन्हीकडे खुंट्या ठोकीन."

एवढं सरळ विचारलं होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी मोनप्पाची गत झाली. तो माझ्यापाशी आला. त्याने उजवा हात माझ्या माथ्यावर ठेवला. उन्हाने मी तापलो होतो आणि त्याचा हात गार पडला होता.

"हा दगड इथेच होता," तो म्हणाला, "इथेच आहे."

मला ओरडावंसं वाटलं. माझ्या अंगावर चार तोंडं आहेत, पण त्यांतल्या एकातूनही शब्द फुटेना. मोजणीदाराने लिहून घेतलं, मोनप्पाची सही घेतली, आणि शिपायांनी माझ्या दक्षिणेच्या तोंडावर तांबड्या रंगाने एक रेघ ओढली. तेच एक तोंड आतापर्यंत कोरं राहिलं होतं. रेघेच्या डावीकडे एका राज्याचं नाव, उजवीकडे दुसऱ्याचं.

लोक पांगल्यावर दुग्गक्का तिथेच बसली होती. मोनप्पा गेला नाही. तोही उभा होता.

"का हो धनी?" तिने विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट.

"मामाला शब्द दिलाय, दुग्गक्का. ह्याच दगडावर. तो मोडला तर घरात दिवा लावायला कुणी राहणार नाही. वाच की, लिहिलंय."

"मला कुठे वाचता येतं? आणि आमच्या बारा घरांतल्या दिव्यांचं काय?"

"तुमचे दिवे कोण विझवतंय? रेघ तर आहे, कागदावरची. काल तू उठलीस, मासे विकलेस, उद्याही विकशील. राखणदाराला राज्यं कळतात का? नेमाला तुझ्या घराला हाक मिळेल. मी आहे तोवर मिळेल. झालं?"

तिने पाटी उचलली. "मिळू दे बाबा," म्हणाली. "मला राज्य नको. हाक मिळाली म्हणजे पुष्कळ."

पहिल्या वर्षी हाक मिळाली. मोनप्पाने शब्द पाळला, नाही कसं म्हणू? पण तोवर माझ्या बाजूला चौकी उभी राहिली होती. तलवार नि मशाली घेऊन हद्दीवर येता म्हणून हवालदाराने तनियाला तासभर उन्हात बसवून ठेवलं. अंगात राखणदार आलेला, आणि राखणदाराला हवालदार विचारतोय, "नाव? बापाचं नाव? कुठलं गाव?" लोक कधी हसत होते, कधी डोळे पुसत होते.

दुसऱ्या वर्षी मोनप्पाचा भाचा संकप्पा मंगळूरहून वकील होऊन आला. इथे मामाची गादी भाच्याला मिळते, त्यामुळे त्याचा शब्द जड. नेमाच्या आदल्या दिवशी दोघं माझ्यापाशी फिरायला आले होते.

"मामा, तुमचीच सही आहे," संकप्पा म्हणत होता. "दगड पहिल्यापासून इथेच. दगड म्हणजे राखणदाराची शीव, हेही तुम्हीच सांगता. मग पलीकडची बारा घरं शिवेत आली कशी? ती कधी नव्हतीच, असाच अर्थ होतो ना?"

"असं कसं? त्यांना पिढ्यान्‌पिढ्या हाक आहे."

"मग दगड हलवला म्हणून सांगा. खोटी सही केली म्हणून सांगा. वकील घरचाच आहे, सोडवीन. पण दोन्ही नाही चालणार, मामा. हाक मारलीत तर उद्या पलीकडचं सरकार म्हणेल, राखणदाराच्या देवळात आमच्याही माणसांचा वाटा आहे. देवळाची जमीन आपल्याच घराच्या नावावर आहे, ठाऊक आहे ना?"

मोनप्पा घराकडे वळला. जाताना त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. त्या दिवशी मला वाटलं, माणसापेक्षा दगड.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं. तनिया आला, तलवार माझ्या माथ्याला लागली, हाका सुरू झाल्या. गुत्तूचं घर, भटांचं घर, ताडीवाल्यांची नऊ घरं, कुंभारांची चार. एकेक जण "आहे, देवा" म्हणत होता आणि तुरा घेऊन मागे होत होता. वाळूवरचे लोक रेघेच्या पलीकडे आंघोळ करून, ओल्या केसांनी रांगेत उभे होते. दुग्गक्का शेवटी, दोन्ही मुलगे तिच्या मागे.

तनिया दक्षिणेकडे वळला. त्याने मोनप्पाकडे पाहिलं. मोनप्पाने मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून.

तनियाची तलवार माझ्यावरून उचलली गेली.

त्याच्या पायांतल्या घागऱ्या थांबल्या. मग दुग्गक्का पुढे आली, रेघेपर्यंत. आमच्यात नियम आहे, या दगडापाशी ज्याने त्याने उभं राहून विचारावं आणि राखणदाराने उत्तर द्यावं.

"देवा," ती म्हणाली, "शेवटचं घर आहे. हाक मार."

चेहऱ्यावरच्या रंगाखाली तनियाला घाम फुटला होता. तो राखणदार होता आणि तो गुत्तूचं कूळही होता, मित्रांनो. त्याची झोपडी मोनप्पाच्या जमिनीवर होती.

"शीव दगडापर्यंत," तो पुटपुटला. "दगडापलीकडे माझी सत्ता नाही."

"दगड कुठे होता, देवा? तुला ठाऊक आहे. तुझ्या बापाने तलवार लावली होती तिथे. मी लहान होते, पण तू तर देव आहेस ना?"

राखणदाराने नजर तलवारीकडे वळवली. मग तिने मोनप्पाकडे बघितलंच नाही, ती माझ्याकडे वळली. तिचा हात माझ्यावर टेकला. शपथ घेताना कांतप्पाने उचलून बाजूला केलेला तोच हात, आता खवल्यांनी खरबरीत झालेला.

"तू तरी सांग," ती म्हणाली. "तुला तर ठाऊक आहे."

मी काहीच बोललो नाही. ती थोडा वेळ वाट बघत राहिली. खरंच वाट बघत राहिली. मग तिने हात काढून घेतला, पदराला पुसला आणि मुलांना म्हणाली, "चला रे. इथे कुणी नाही."

त्या वर्षी बारा होड्यांना तुरा नव्हता. पहिल्या दिवशी खलाशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशी आले नाहीत. दुग्गक्काचा थोरला एकटाच होडी ढकलत होता, कंबरभर पाण्यात, आणि काठावर त्याचे लहानपणचे मित्र पाठ करून उभे होते. होडी शेवटी विकली. घेणाऱ्याने ती उत्तरेच्या गावात नेली, तिथे तिला तुरा मिळाला. धाकटा मुंबईला गेला, तुमच्याकडे, हॉटेलात कपबशा विसळायला. त्याने पुसलेल्या टेबलावर तुम्ही कधी इडली खाल्लीही असेल. चार वर्षांत बारापैकी सात घरांना कुलपं लागली. दुग्गक्काने मात्र घर सोडलं नाही. ती मासे विकायला तेंकपाडीत यायची, पण माझ्या वाटेने नाही. लांबून, ओढ्याकडून वळसा घालून यायची. मरेपर्यंत तशीच येत होती.

मोनप्पा रैच्या घरात अजून दिवा लागतो. पुष्कळ लागतात, विजेचे.

आता माझ्याभोवती लोखंडी कठडा आहे. दोन्ही राज्यांची खाती माझ्यावरून भांडतात, ऐतिहासिक ठेवा कुणाचा म्हणून. शाळांच्या सहली येतात. मुलखाचं नाव मध्ये आणखी एकदा बदललं, उद्या परत बदलेल; माझ्यावर जागा उरलेली नाही, म्हणून आता नाव फलकावर लिहितात. गुरुजी मुलांना सांगतात, जुने दगड आपला अभिमान आहेत, त्यांना जपा. मुलं टाळ्या वाजवतात, कुणी माझ्या सूर्यावरून हात फिरवतं.

मला जपू नका, मित्रांनो. मला काही होत नाही. हार घालू नका, शेंदूर लावू नका, माझ्यावर निबंधही लिहू नका. जपायचीच असतील तर माझ्या पलीकडे, वाळूवर पाच घरं उरली आहेत. आणि तुमच्या गावात कधी कुणी रेघ ओढायला आलं, कुणी एकटी बाई उभी राहून खरं सांगायला लागली आणि ते खरं आहे हे तुम्हाला माहीत असलं, तर जमिनीकडे बघू नका. त्या सकाळी मी गप्प राहिलो, कारण मी दगड आहे. तिथे बाकीचे तीनशे जण होते, ते दगड नव्हते.